रोप टाकलं का?

ऑक्टोबर लागला की चांदवड तालुक्यातल्या आमच्या गावात कुणीही कुणाला भेटलं तरी पहिला प्रश्न हाच असतो. डेअरीवर दूध घालायला आलेला माणूस विचारतो. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे चहाचा कप हातात घेता घेता विचारतात. रोप कशाचं, हे सांगावं लागत नाही. थंडीत लावून उन्हाळ्यात काढायच्या उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी, वाफ्यात पडलं की पुढच्या वर्षाचा अर्धा हिशेब त्यातच मांडलेला असतो. पोराची फी, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, घराच्या राहिलेल्या गिलाव्याचं काम, सगळं त्या काळ्या दाण्यांवर.

मी माहेरची इगतपुरीकडची. जिल्हा एकच, नाशिक, पण आभाळ वेगळं. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, इकडे जेमतेम पाच-सहाशे. रोप मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते भाताचं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून राब भाजायचा, मृगाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचा आणि तीनेक आठवड्यांनी आवणीला, म्हणजे रोप उपटून चिखलात लावायला, लागायचं. भाताचं रोप पाण्यात उभं राहतं. घोटाभर पाणी साचलं तरी ते तरारून येतं. कांद्याच्या रोपाला तेवढं पाणी एक रात्र मिळालं तरी सकाळी वाफ्याचा रंग बदललेला दिसतो. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या हंगामात मला हेच शिकवलं. म्हणाल्या, "पोरी, रोपाला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही. आधी माती मुठीत धरून बघ, मगच झारी उचल."

कांद्यावर लिहिणारे लोक बाजारापासून सुरुवात करतात. लासलगावची बाजार समिती, १९४७ सालची, लिलाव, ट्रॅक्टरच्या रांगा, भाव. ते दिसायलाही मोठं असतं. माझं म्हणणं असं की कांद्याचं बरंवाईट त्याच्या कितीतरी आधी, एकराला दोन गुंठे एवढ्याशा तुकड्यावर, पन्नासेक दिवसांत ठरून गेलेलं असतं. तिथं नासलं ते पुढे कुठलंच खत, कुठलाच भाव भरून काढत नाही.

सुरुवात उळ्यापासून. आमच्याकडे शक्यतो घरचंच उळं वापरतात. कांदा साठवायच्या चाळीतून मध्यम आकाराचे, एकसारखे गोल, बारीक मानेचे, एकडोळी (आत एकच कोंब असलेले) कांदे निवडून नोव्हेंबरच्या सुमारास लावायचे. थंडीत त्यांना डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, फेब्रुवारीत पांढरे गोंडे फुलतात आणि एप्रिलच्या उन्हात बी पिकतं. एका गोंड्यात शेकडो फुलं. प्रत्येक फुलाचे पराग आधी गळतात आणि त्याचं स्वतःचं फळ धरायची वेळ मागाहून येते. म्हणजे एका फुलाचं काम दुसऱ्या फुलावाचून होत नाही, आणि ते करून देणारी मधमाशी लागतेच. डोंगळे फुलात असताना फवारणीचा पंप बाहेर काढायचा नाही हा आमच्या घरातला नियम सासऱ्यांनी घातला होता. शेजारच्या रानात फवारणी झाली तर तेवढ्यानेही गोंडे पोकळ राहतात, हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. माश्या पुन्हा यायला लागाव्यात म्हणून आता आम्ही बांधावर शेपू आणि मोहरी सोडतो.

कांद्याच्या बियाचा जीव फार लहान. गव्हाचं बी दोन-तीन वर्षं कणगीत राहिलं तरी उगवतं. उळं मात्र वर्ष उलटलं की दगा देतं, आणि दमट हवेत ठेवलेलं तर त्याच्याही आधी. म्हणून पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून घरातच ठेवायचे. आठवड्याभरात किती फुटले ते मोजायचं. सत्तरच्या खाली आले तर त्या उळ्याची आशा सोडायची. दुकानातून आणलेल्या बियाण्यालाही मी ही परीक्षा घेते, डब्यावर कितीही सुंदर कांदा छापलेला असो. एका वर्षी आमच्या गावात बऱ्याच जणांनी आणलेलं एकाच लॉटचं बियाणं उगवलंच नाही. बिलं होती, डबे होते, तक्रार झाली, पण ज्या दिवसांत रोप व्हायला हवं होतं ते दिवस कुणी परत देऊ शकलं नाही. त्यानंतर तर गोणपाटाचा तुकडा आमच्या घरातून हललेलाच नाही. २०२० साली बियाण्याची अशी टंचाई झाली की ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारला कांद्याच्या बियाण्याची निर्यातच थांबवावी लागली. त्या वर्षी ज्यांच्या घरात डोंगळ्याचं उळं होतं ते निवांत होते.

वाणाबद्दल गावात वाद पुष्कळ. उन्हाळ हंगामाला आमच्याकडे एन-२-४-१ वर लोकांचा जीव. तो टिकतो, चाळीत पाच-सहा महिने काढतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण, भीमा शक्ती हे वाणही आता गावात रुळलेत. मला विचाराल तर वाणाइतकाच वाफा महत्त्वाचा, आणि वाफ्याबद्दल वाद घालताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

वाफा करताना घाई चालत नाही. जागा उंचावरची, निचऱ्याची, सकाळचं ऊन थेट पडणारी आणि मागच्या साली कांदा-लसूण नसलेली. उन्हाळ्यात ती जमीन नांगरून ओली करून पारदर्शक पॉलिथिननं तीन-चार आठवडे झाकून ठेवली तर आतल्या वाफेनं बुरशी आणि तणाचं बी बरंचसं मरतं. कागदाच्या कडा मातीनं दाबायच्या, हवा आत जाऊ द्यायची नाही. मग वेळ आली की मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफे. रुंदी मीटरच का, तर दोन्ही बाजूंनी बसून बाईचा हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडता कामा नये. चांगलं कुजलेलं शेणखत चाळून घालायचं. अर्धवट कुजलेलं घातलं तर मुळं खाणारी हुमणी अळी येते आणि बुरशीही पोसते. त्या खतात ट्रायकोडर्मा आठवडाभर आधी मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत ढीग झाकून ठेवला तर ती चांगली बुरशी खतात वाढते आणि वाफ्यात गेल्यावर वाईट बुरशीला जागा देत नाही.

पूर्वी उळं सरसकट फोकून, म्हणजे मुठीनं विखरून, टाकायचे. अजूनही बरेच जण टाकतात, कारण वेळ वाचतो. आम्ही काडीनं आडव्या रेघा ओढतो, चार बोटांच्या अंतरानं, नखाएवढ्या खोल. त्यात चिमटीनं उळं सोडायचं आणि बारीक खतमातीनं झाकायचं. खोल गेलं तर वर येताना दमतं, वर राहिलं तर मुंग्या नेतात. रेघेत पेरलेल्या रोपाला हवा मिळते, खुरपं चालतं आणि रोप आजारी पडलं तर लगेच दिसतं. फोकलेल्या वाफ्यात मात्र रोग आतल्या आत पसरून जातो आणि कळतं तेव्हा अर्धा वाफा बसलेला असतो. पेरणीनंतर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्यायचा, झारीनं पाणी, आणि पहिले सहा-आठ दिवस ती ओल जराही तुटू द्यायची नाही.

आता जे सांगणार आहे ते पाहायला वाफ्याजवळ उकिडवं बसावं लागतं. सातव्या-आठव्या दिवशी सकाळी गवत हळूच बाजूला केलं की मातीतून हिरवा दोरा वर आलेला दिसतो. पण त्याला टोक नसतं. तो दुमडलेला असतो, गुडघा वर काढल्यासारखा. त्याचं एक टोक खाली मुळाकडे गेलेलं आणि दुसरं अजून मातीतच, उळ्याच्या काळ्या टरफलात अडकलेलं. कांद्याचं पहिलं पान उगवताना आधी पाठ वर काढतं. आपलं कोवळं टोक ते बियात ठेवतं आणि तिथं साठवलेलं अन्न शेवटपर्यंत शोषून घेतं. दोन-तीन दिवसांत तो गुडघा सरळ व्हायला लागतो, टोक मातीतून ओढून निघतं आणि त्यावर काळं टरफल तसंच लटकत राहतं. अख्खा वाफा अशा काळ्या टिकल्या घेऊन उभा असतो. काही दिवसांनी त्या टिकल्या गळून पडतात. मग त्या पहिल्या पानाच्या बुडाशी बारीक चीर पडते आणि तिच्यातून खरं पान बाहेर येतं, आणि पुढचं प्रत्येक पान आधीच्या पानाच्या आतून असंच येतं.

या दिवसांत हात शिवशिवतात. गवत काढून बघावंसं वाटतं, टरफल काढून द्यावंसं वाटतं. माझ्या धाकट्या पोरानं एकदा मोठ्या प्रेमानं वाफ्याच्या एका कोपऱ्यातली सगळी टरफलं उपटून दिली. पानंही त्यांच्याबरोबर तुटून आली. सासूबाई त्याला रागावल्या नाहीत. त्याला शेजारी बसवून एकेका रोपाचं टोक दाखवत म्हणाल्या, "बाळा, त्याचं जेवण अजून चाललंय. ताट ओढू नये."

गवताचा थर मात्र वेळेवर काढावा लागतो. निम्म्याहून जास्त रोप वर दिसलं की संध्याकाळी काढायचा, भर दुपारी नाही. दोन दिवस उशीर झाला तर रोप अंधारात उंच, पांढुरकं, लेचंपेचं होतं आणि पहिल्या वाऱ्यात आडवं पडतं. उजेडाकडे धावलेलं रोप पुन्हा जाड होत नाही. म्हणून झाडाच्या सावलीत रोप टाकू नये, भिंतीच्या आडोशालाही नको. खरीपाचं रोप मे-जूनच्या उन्हात टाकतात तेव्हा शेडनेट लागतं हे खरं, पण तेही उंचावर, आणि रोपानं जोर धरला की हळूहळू काढून घ्यायचं.

आणि मग मर.

मर काय असते ते वाफा न पाहिलेल्या माणसाला सांगणं अवघड. आदल्या संध्याकाळी हिरवागार असलेला वाफा सकाळी मधेच गोल टक्कल पडल्यासारखा दिसतो. जवळ जाऊन एक रोप उचललं तर वरचं पान ठीक, पण मातीच्या रेषेवर दोऱ्याइतकं बारीक झालेलं, पाणचट, बोटांत विरघळणारं. पिथियमसारख्या बुरश्यांचं हे काम. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीच्या कणांत पाण्याचा पातळ थर सतत राहिला की त्यांना एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत रस्ताच तयार होतो. म्हणून ते टक्कल गोल असतं आणि रोज कडेनं वाढत जातं. काही वेळा रोप वर येण्याआधीच मातीत मरतं आणि माणूस बियाण्याला दोष देत बसतो. मुळाशी पांढरी जाळी आणि मोहरीसारखे गोल दाणे दिसले तर ती वेगळी बुरशी, आणि ते दाणे जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. तशी जागा पुढची काही सालं रोपाला द्यायची नाही.

मर आली की दुकानात धावतात. एक बाटली, दुसरी बाटली, वर टॉनिक. बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी ओतणं, करावी लागते, आम्हीही करतो, शिफारशीच्या मापात. पण मर थांबते ती पाणी तोडल्यानं. टक्कल पडलेल्या जागेची माती रोपांसकट उचलून वाफ्याबाहेर टाकायची, कडेच्या ओळीत खुरप्यानं हलकं हवा लागेल असं करायचं, दोन दिवस झारी बाजूला ठेवायची. पाणी द्यायचं ते सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर थंडीत तसंच राहतं आणि बुरशीला पोसतं. आता शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते, तिथं हे कसं पाळायचं? म्हणून रोपापुरती दोनशे लिटरची टाकी वाफ्याच्या डोक्याशी ठेवली आहे. रात्री ती भरून घ्यायची, सकाळी झारीनं द्यायचं. एवढ्याशा टाकीनं आमचं रोप जेवढं वाचवलंय तेवढं कुठल्याही औषधानं वाचवलेलं नाही.

पाऊस मात्र टाकीनं अडत नाही. २०१९ ची दिवाळी आमच्या भागात कुणी विसरणार नाही. परतीचा पाऊस परत जाईचना. शेतात काढणीला आलेला खरीपाचा लाल कांदा सडला आणि वाफ्यात नुकतं वर आलेलं उन्हाळ कांद्याचं रोपही बसलं. पुढे डिसेंबरात शहरांत कांदा शंभर रुपयांच्या वर गेला, इजिप्त-तुर्कस्तानातून आणावा लागला, टीव्हीवर रोज चर्चा झाली. सडलेल्या कांद्याचे फोटो सगळीकडे होते. सडलेल्या रोपाचा फोटो कोण काढणार? तो दिसतच नाही. दोन दिवसांत माती नुसती मोकळी दिसायला लागते. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या वर्षी मंगळसूत्रातले मणी गहाण ठेवून दुसऱ्यांदा उळं आणलं आणि वाफ्यावर बांबूच्या कमानी करून जुना प्लास्टिकचा कागद ताणला. त्या कमानी आता गावात बऱ्याच वाफ्यांवर दिसतात. पावसाची चिन्हं दिसली की कागद ओढायचा, उघडीप झाली की लगेच काढायचा. काढायला विसरलं तर आत घाम धरतो आणि पुन्हा मर.

तीन आठवड्यांनी खुरपणी. कांद्याच्या रोपाचं पान सुईसारखं उभं, जमिनीवर सावली पाडत नाही. त्यामुळे तण त्याच्या डोक्यावरून सहज निघून जातं. हे काम सगळं बायांचं. पुरुष ट्रॅक्टर चालवतो, वाफे ओढतो, पंप पाठीवर घेतो. वाफ्याच्या कडेला तासन्तास बसून दोन रोपांमधलं गवताचं कोंब नखानं काढायचं काम मी कुठल्याच रानात पुरुषाला करताना पाहिलेलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना रोप हातात घेतलं की कळतं, फुलकिडे आलेत की नाहीत. त्या पानाच्या बेचक्यात फुंकर मारतात. पिवळसर, डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे पळायला लागतात. पानावर चांदीसारखे चट्टे पडायच्या आधी त्यांना हे कळलेलं असतं. कृषी सहायकाचं प्रशिक्षण गावात झालं तेव्हा खुर्च्यांवर पुरुष होते आणि या मावशी रानात होत्या. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. प्रशिक्षण वाफ्यावर घ्या, खुरपणीच्या दिवशी घ्या.

युरियाचं तर विचारूच नका. रोप जरा पिवळं दिसलं की मूठभर फेकायची सवय. दोन दिवसांत रोप काळंभोर हिरवं होतं, शेतकरी खूश. पण ते रोप माजलेलं असतं. पान पोकळ, मऊ, पाण्यानं फुगलेलं. पहिली धुई पडली की त्यावर करपा, म्हणजे पान करपवणारा रोग, आधी बसतो. लावल्यावर असं रोप मान टाकतं आणि सावरायला जास्त दिवस घेतं. रोपाचा पिवळेपणा बऱ्याचदा थंडीचा किंवा जास्त पाण्याचा असतो. ऊन पडलं, माती सुकली की तो आपोआप जातो. शेणखत नीट असलेल्या वाफ्याला वरून फार काही लागत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

रोप कधी काढायचं यावर मात्र घरोघरी तारांबळ. खरीपाचं पस्तीस ते चाळीस दिवसांचं, उन्हाळ कांद्याचं पन्नास-पंचावन्न दिवसांचं. पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, तीन-चार पानांचं, बुडाशी गाठ न धरलेलं. त्याहून लहान लावलं तर मरतं. वाफ्यात जास्त राहून जाड झालेलं लावलं तर थंडीत त्याला डोंगळे येतात. कांदा जेव्हा अंगानं मोठा असतो आणि त्याला थंडी लागते तेव्हा तो फुलायला निघतो, मग खाली पोसत नाही. दिवाळीच्या आधी भाव चढलेले दिसले की लोक सप्टेंबरातच उन्हाळ कांद्याचं रोप टाकतात, लवकर लावू, लवकर काढू म्हणून. फेब्रुवारीत त्यांच्या रानात पांढरे गोंडे डोलताना दिसतात. पाहणाऱ्याला सुंदर, घरच्याला नाही.

काढायच्या आधी आठ दिवस पाणी कमी करत न्यायचं. रोप जरा कडक होतं, पानावर निळसर झाक येते. काढायच्या आदल्या दिवशी मात्र भरपूर भिजवायचं, नाहीतर मुळं मातीतच राहतात. कांद्याची मुळं भाजीच्या रोपांसारखी फुटव्यांची नसतात. पांढऱ्या दोऱ्यांसारखी, थोडीच, उथळ. तुटली तर नवी बुडापासूनच फुटावी लागतात. जुड्या बांधायच्या, शेंड्याचा तिसरा हिस्सा विळ्यानं कापायचा, मुळं औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवायची. मग बायांची टोळी ओल्या सपाट वाफ्यात बसते आणि अंगठ्यानं एकेक रोप दाबत मागे सरकते. पंधरा बाय दहा सेंटिमीटर अंतरानं एकरात दोन लाख साठ हजारांहून जास्त रोपं बसतात. प्रत्येकाला माणसाच्या अंगठ्याचा दाब लागलेला असतो. एका किलोत उळ्याचे अडीच-तीन लाख दाणे असतात आणि आमच्याकडे एकराला सर्रास तीन किलो टाकतात. म्हणजे तीन दाण्यांतला जेमतेम एक शेतापर्यंत पोचतो. वाफा नीट सांभाळला तर दोन किलोंत भागतं, हे आम्ही करून पाहिलं आहे. गेल्या काही सालांत आमच्या घरचं उळं उरायला लागलं ते त्यामुळेच.

उरलेल्या रोपाची आमच्याकडे रीत आहे. वाफ्यावरून विकायचंही असतं, रोप कमी पडलं की वाफ्याचा चांगला भाव येतो. पण ज्याचं रोप मरनं गेलं त्याच्याकडून पैसे घेत नाहीत, निदान आमच्या वस्तीवर तरी. २०१९ ला ज्यांनी आम्हाला चार वाफे दिले त्यांनी नंतर कधी त्याचा उल्लेखही केला नाही. पुढे त्यांच्या विहिरीचं पाणी आटलं तेव्हा आमच्या विहिरीवरून त्यांच्या वाफ्यांसाठी नळी टाकली.

हे सगळं लिहायचं कारण ८ डिसेंबर २०२३. त्या दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली, आधी मार्चअखेरपर्यंत, मग पुढेही, आणि ४ मे २०२४ ला उघडली तीही चाळीस टक्के शुल्क ठेवून. बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, रस्त्यावर माणसं उतरली. हे वर्तमानपत्रांत आलं. त्या दिवशी आमच्या वाफ्यात काय होतं ते आलं नाही. उन्हाळ कांद्याचं रोप तयार होऊन लागवडीच्या तोंडावर आलं होतं. उळ्याचा, खताचा, खुरपणीचा पैसा गेलेला. टोळीला विसार दिलेला. रोप थांबत नाही. आठ दिवस 'बघू काय होतंय' म्हटलं तर ते वाफ्यातच गाठ धरतं. भाव मोडल्याची बातमी ऐकत ऐकत आम्ही ते लावलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. निर्यातीचा निर्णय घेणाऱ्यांनी ग्राहकाचा विचार करू नये असं मी म्हणत नाही. शहरातली माझी बहीणही कांदा विकतच घेते. पण निर्णय रोप टाकायच्या आधी, सप्टेंबरात कळला असता, तर आमच्यापैकी अर्ध्यांनी अर्ध्या रानात हरभरा पेरला असता.

आणि सरकारला पुढच्या उन्हाळ्यात कांदा किती येणार हे आधी कळावं असं खरंच वाटत असेल, तर त्याची पहिली मोजणी नोव्हेंबरात होऊ शकते, वाफ्यावर. किती उळं पडलं, किती उगवलं, किती मरनं गेलं. दोन गुंठ्यांतलं रोप पाहून वीसपट रानाचा अंदाज गावातली कुठलीही मावशी देते. आमच्या वाफ्यापर्यंत आजवर ते मोजायला कुणी आलेलं नाही. पीक गेलं की पंचनामा होतो, रोप गेलं तर "अजून लावलंच कुठे होतं" असं ऐकून घ्यावं लागतं. यंदा महिला गटात आम्ही ठरवलंय की प्रत्येकीनं वहीत लिहायचं: उळं कुठलं, कधी टाकलं, किती वाफे, उगवण किती, मर कधी आली, पाऊस कधी. नोव्हेंबरअखेर सगळ्या वह्या एकत्र करून ग्रामसभेत वाचायच्या आणि त्याची प्रत तालुका कृषी कार्यालयात द्यायची. आजूबाजूच्या गावांतल्या बायांनीही आपापल्या वाफ्यांचं लिहून ठेवावं. वहीचे रकाने कसे आखले ते विचारलंत तर सांगेन.